खालच्या कवळीला टिचबटण!

आई-बाबांना कवळी बसली की दातांचा विषय संपला, असं आपण समजतो. पण घास चावण्याची आणि गिळण्याची खरी कुस्ती सुरू असते ती खालच्या कवळीत. दोन छोटे स्क्रू ही कुस्ती किती सोपी करतात आणि काय करू शकत नाहीत, याचा हा घरचा हिशेब.

आपल्या वयात दातांचा विषय निघतो तो फोटोसाठी. लग्न ठरलं की क्लीनिंग, प्रमोशन झालं की व्हाइटनिंग आणि तिशीत हिंमत करून लावलेल्या ब्रेसेस. डेंटिस्टची अपॉइंटमेंट आपण शनिवारी सकाळी जिम आणि ब्रंचच्या मधे कुठेतरी कोंबतो. घरी आई-बाबांच्या बाबतीत मात्र दात म्हणजे जेवण. आणि जेवण म्हणजे, निदान आमच्या घरात, सगळंच.

आम्ही सोलापूरचे. म्हणजे शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांच्यावर पोसलेले. मी पुण्यात आयटीत, आई-बाबा तिकडे. बाबांचे दात पायोरियानं एकेक करून गेले आणि बासष्टाव्या वर्षी त्यांना वर-खाली पूर्ण कवळी बसली. वरची आठवड्याभरात घरची झाली. खालची मात्र भांडखोर भाडेकरूसारखी राहिली. बोलताना उचकटायची, जांभई दिली की वर यायची आणि शेंगदाण्याचा एक कण जरी खाली शिरला, तरी बाबा ताटावरून उठून बेसिनकडे.

हळूहळू ताट बदललं. भाकरी आधी दुधात कुस्करून, मग तीही बंद. मटकीची उसळ गेली, काकडी गेली, पेरू तर फक्त वास घेण्यापुरता उरला. लग्नाकार्यात पंगतीला बसायचं टाळून बाबा आग्रहानं वाढायला उभे राहू लागले. चार वर्षांत वजन सहा किलोंनी उतरलं. शुगर मात्र चढली, कारण 'मऊ' म्हणून जे पोटात जात होतं, ते बहुतेक भात, साबुदाणा आणि चहात बुडवलेली बिस्किटं. मग एका संध्याकाळी सफरचंदाची फोड घशात अडकली. शेजारच्या काकांनी पाठीवर जोरात थापा मारल्या तेव्हा ती बाहेर आली. आईचा फोन आला आणि आमच्या फॅमिली मीटिंगचा अजेंडा एकाच ओळीचा झाला : खालच्या कवळीचं काहीतरी करायचं.

वरची शहाणी, खालचीच नाठाळ का?

यामागे साधं फिजिक्स आहे. वरची कवळी अख्खी टाळू झाकते. तिच्या आणि टाळूच्या मधे लाळेचा पातळ थर असतो, कडा हिरडीला घट्ट चिकटतात आणि ओली काच काचेला धरून बसावी तशी ती धरून बसते. खालच्या कवळीला ही चैन नाही. मधे जीभ असल्यामुळे तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा. टेकायला जागा वरच्या कवळीच्या साधारण निम्मी. त्यात आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल आणि ओठ ढकलतात. म्हणजे लोकलमधली ती चौथी सीट. बसलोय म्हणायचं, पण तोल आपला आपण सांभाळायचा.

शिवाय खालची जमीनच झिजत असते. दात गेले की त्यांना धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरत जातं. फिनलंडच्या अँट्ये टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा करून १९७२ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात : खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतं. त्यामुळे पहिल्या वर्षी फिट्ट बसलेली कवळी पाचव्या वर्षी सैल होते, ती कवळी वाईट म्हणून नव्हे. तिच्याखालचा कट्टाच खचलेला असतो.

याचा जेवणावर काय परिणाम होतो? स्वतःचे दात असलेल्या माणसाच्या मानानं पूर्ण कवळीवाल्याची चावण्याची ताकद साधारण पाव किंवा त्याहूनही कमी भरते. जोर लावला तर हिरडी दुखते आणि एका बाजूनं चावलं तर दुसरी बाजू उचलली जाते.

आता जरा तोंड उघडं ठेवा

पुढचं वाचण्याआधी एक प्रयोग. शेजारच्या क्युबिकलमधून कोणी बघत नाही ना, खात्री करा. आता तोंड उघडं ठेवून, दात एकमेकांना न लावता, थुंकी गिळून बघा.

जमलं नाही ना? जमलं तरी कसंबसं. गिळताना खालचा जबडा वर येऊन टेकावा लागतो. त्या आधारावर जीभ टाळूला दाबून पुढून मागे सरकते आणि घास घशात सोडते. त्याच क्षणी श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनलिकेची वाट बंद होते. एका सेकंदाचा खेळ, दिवसातून शेकडो वेळा.

ज्याची खालची कवळी सैल आहे, त्याची जीभ मात्र एकाच वेळी दोन नोकऱ्या करते. एक, घास फिरवणं, दातांखाली ढकलणं, लाळेत कालवून त्याचा गोळा करणं. दोन, कवळी खाली दाबून धरणं. मल्टिटास्किंगचं काय होतं ते आपल्याला ऑफिसात रोज दिसतंच. दोन्ही कामं अर्धवट.

आणि इथे एक गोष्ट आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आपल्याला वाटतं, ज्याला नीट चावता येत नाही तो जास्त वेळ चावत असेल. संशोधन सांगतं की तसं होतंच असं नाही. नीट न चावता येणारी बरीच माणसं इतरांइतक्याच वेळा चावून मोठे तुकडे तसेच गिळतात. जेवण संपायची वेळ तीच, फक्त पोटात जातो तो भरडा. आमच्या बाबांनी तर यावर आपली आयडिया काढली होती : घास तोंडात, वरून घोटभर पाणी आणि ढकल आत! सफरचंदाची फोड अडकली, तेव्हाही हातात तांब्या होताच.

सशाच्या पायातून माणसाच्या जबड्यात

आता त्या स्क्रूंची गोष्ट. १९५०च्या दशकात पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक हाडाच्या आतलं रक्ताभिसरण बघत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. काम झाल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड तिला धरून वाढलं होतं. प्रयोगाचं महागडं उपकरण वाया गेलं म्हणून दुसरा कोणी वैतागला असता. ब्रोनेमार्कना त्यात पुढचं दिसलं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी गोस्ता लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते त्या इम्प्लांटच्या आधारावरच जेवत होते. चाळीस वर्षांहून जास्त!

म्हणजे या तंत्राची सुरुवातच खालच्या जबड्यापासून झाली. पुढे २००२ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ठराव केला, की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला नुसती कवळी हा पहिला पर्याय मानू नये. दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा मानावा. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनीही तोच सूर लावला.

दोन. बत्तीस नाही, सोळा नाही, फक्त दोन! हे मुद्दाम सांगते, कारण एका झगमगीत क्लिनिकमध्ये आम्हाला कॉफी पाजून आधी 'फुल माउथ फिक्स्ड पॅकेज' दाखवलं होतं. त्याचं कोटेशन बघून बाबा म्हणाले, "एवढ्यात तर सोलापुरात खोली येईल."

असं बसतं टिचबटण

शर्टाचं किंवा ब्लाउजचं टिचबटण आठवा. अर्धा भाग एका बाजूला, अर्धा दुसऱ्या बाजूला, दाबलं की टिच्! खालच्या कवळीचंही तसंच. जबड्याच्या पुढच्या भागात, जिथे सुळे असतात साधारण तिथे, टायटॅनियमचे दोन स्क्रू हाडात बसवतात. पुढेच का? कारण मागच्या बाजूला हाडातून संवेदनेची नस जाते, आणि इतकी वर्षं झिजूनही पुढचं हाड बहुतेकांचं शिल्लक असतं. जागा भूल देऊन बधीर करतात, माणूस जागाच असतो. बाबा तर त्याच संध्याकाळी घरी बसून क्रिकेट बघत होते.

मग थांबायचं. हाड स्क्रूला धरेपर्यंत काही आठवडे ते तीनेक महिने लागतात. कोणाला किती, ते हाड बघून डॉक्टर ठरवतात. आमच्याकडे तीन महिने लागले. तोवर जुनीच कवळी आतून कोरून, मऊ अस्तर लावून वापरायची. त्यानंतर स्क्रूवर बटणाचा खालचा भाग बसतो, कवळीच्या आत वरचा भाग, त्यात नायलॉनची किंवा रबराची छोटी चकती. कवळी दाबली की टिच्.

ही कवळी रोज काढता येते, नव्हे, काढायचीच असते. मागच्या बाजूला ती अजूनही हिरडीवर टेकलेली असते. त्यामुळे दाढांनी चावताना हिरडीवर थोडा भार येतो. पण ती उडत नाही, सरकत नाही, शिंकेबरोबर बाहेर येत नाही. जिभेची दुसरी नोकरी सुटली!

चावता आलं, मग?

फरक खरा आहे, आणि मोजलेला आहे. खालच्या कवळीला इम्प्लांटचा आधार मिळाला, की चावण्याची ताकद जवळजवळ दुप्पट होते, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांना आढळलं. स्वतःच्या दातांची बरोबरी होत नाही, पण उसळ, भाकरी, शिजवलेलं मटण यांच्यापुरती ती पुरते. बाबांनी दुसऱ्या महिन्यात कडक भाकरीचा तुकडा मोडला, तो आवाज आईनं मला फोनवरून ऐकवला.

पण थांबा, इथे जाहिरात संपते.

मी महिन्याभरानं घरी गेले तेव्हा नवी कवळी घट्ट होती, ताटात काकडीही होती, आणि हातात तांब्याही होता. तीन वेळा चावायचं, पाणी, ढकल. स्क्रू हाडात रुजले होते, पण सवय चार वर्षांची होती, तीही रुजलेलीच. जिभेला आणि डोक्याला अजून कोणी कळवलंच नव्हतं, की आता ढकलायची गरज नाही.

हे एकट्या आमच्या बाबांचं नाही. मॅकगिलच्याच संशोधकांनी २५५ वयस्कांची चाचणी घेऊन २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. अर्ध्यांना साधी कवळी, अर्ध्यांना दोन इम्प्लांटवरची. वर्षभरानं दोन्ही गटांच्या आहारात म्हणावा असा फरक नव्हता. चावता येत होतं, तरी माणसं तेच मऊ खात होती. कारण उघड आहे. वर्षानुवर्षं ज्या घरात खिचडीच शिजते, तिथे कवळी बदलली म्हणून कुकर बदलत नाही.

म्हणून डॉक्टरबाईंनी बाबांना चक्क होमवर्क दिला. घास लहान. दोन्ही बाजूंनी चावायचं, म्हणजे कवळीवर भार सारखा येतो. तोंडात घास असताना पाणी नाही. पाणी घ्यायचंच तर घास गिळल्यावर. जेवताना टीव्ही बंद, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. पहिले काही आठवडे मऊ, मग मोड आलेली शिजवलेली कडधान्यं, मग भाकरी आणि सगळ्यात शेवटी दाणे. पुढच्या दातांनी कणीस किंवा ऊस सोलायचा नाही. बटणं त्यासाठी नसतात.

आईनंही स्वयंपाकघरात हळूच बदल केले. वरणभाताच्या जोडीला रोज एक वाटी उसळ, काकडी बारीक चोचवून, शेंगाची चटणी दह्यात कालवून. आईनं स्वतःसुद्धा चार वर्षं चटणी केली नव्हती. 'त्यांना चालत नाही, मग एकटीसाठी कुठे कुटू?' या एका वाक्यात अख्ख्या घराचं जेवण मऊ झालं होतं. सहा महिन्यांत बाबांचं वजन अडीच किलोंनी वाढलं, आणि लग्नात ते पंगतीला बसले. वाढायला मला उभं केलं.

जे स्क्रूच्या हातात नाही

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक नाजूक पडदा असतो. भातातला खडा क्षणात कळतो तो त्याच्यामुळे. इम्प्लांटला हा पडदा नाही, त्यामुळे जोर किती लागतोय याचा अंदाज नव्यानं घ्यावा लागतो. वरच्या कवळीनं टाळू झाकलेली असेल, तर घासाचा पोत, गरमपणा कमीच कळणार. तिथे खालचे स्क्रू काही करू शकत नाहीत.

लाळेचंही तसंच. घासाचा गोळा व्हायला लाळ लागते, आणि ब्लडप्रेशर, ॲलर्जी, डिप्रेशन यांवरच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना यादी दाखवा. गोळ्या मनानं बंद करू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं : गिळण्याचा प्रत्येक त्रास दातांचा नसतो. पाणी पितानाही ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओला-घोगरा येतो, घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, छातीत वरचेवर इन्फेक्शन होतं, यातलं काहीही असेल तर आधी फॅमिली डॉक्टर किंवा ईएनटी. स्ट्रोक किंवा पार्किन्सन्समध्येही गिळणं बिघडतं. तिथे कवळीवर पैसे घालवून खरा आजार लांबणीवर पडायला नको.

खिशाचा प्रश्न

इएमआयवाल्या पिढीला हा प्रश्न पडणारच. इम्प्लांटची कंपनी, शहर आणि डॉक्टर यांनुसार खर्च खूप बदलतो. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचा खर्च मिळत नाही, पॉलिसी वाचून घ्या. कोटेशन मागताना इम्प्लांट, वरची बटणं, कवळी, स्कॅन यांचे आकडे वेगवेगळे मागा. नायलॉनच्या चकत्या झिजतात आणि बदलाव्या लागतात, त्याचाही खर्च विचारा. कृत्रिम दातांच्या स्पेशालिस्टला प्रॉस्थोडॉन्टिस्ट म्हणतात, सल्ला त्यांचा घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत आणि मुंबईत नायरच्या दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. तिथे गर्दी असते, वेळ लागतो, पण चौकशी करायला काय हरकत आहे?

चौकट : जाण्याआधी आणि आल्यानंतर

* डायबेटिस असेल तर शुगर आटोक्यात आणूनच इम्प्लांट. आटोक्यात असेल तर डायबेटिस हा नकार नाही.
* तंबाखू, सिगारेट, मिश्री चालू असेल तर खरं सांगा. धूम्रपानानं इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते.
* हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं किंवा जबड्याला रेडिएशन झालं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.
* कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. पंचाऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या जपानी लोकांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला.
* स्क्रूच्या बटणांभोवतीही रोज मऊ ब्रश फिरवायचा. स्क्रू किडत नाही, पण भोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजतं.
* घास अडकला आणि माणूस खोकतोय, तर खोकू द्या. खोकता-बोलता येत नसेल तर वाकवून दोन खांद्यांच्या मधे पाच जोरदार थापा, तरी नाही निघाला तर बेंबीच्या वर मागून मिठी मारून आत-वर पाच झटके. आळीपाळीनं करत राहा आणि कोणालातरी १०८ लावायला सांगा.

तेव्हा मंडळी, आई-बाबांची कवळी असेल तर येत्या रविवारी फोनवर 'जेवलात का?' एवढ्यावर थांबू नका. 'काय जेवलात?' विचारा. उत्तर सलग तीन रविवार 'खिचडी' असं आलं, तर सुट्टी टाका, घरी जा आणि एकदा त्यांच्यासोबत ताटावर बसा. घास किती वेळा चावला जातो आणि तांब्या कितव्यांदा उचलला जातो, एवढं बघितलंत तरी डॉक्टरांना सांगायला तुमच्याकडे पुरेसं असेल. जाताना पिशवीत थोडे पेरूही असू द्या. मऊ, पिकलेले. बियांचं पुढच्या वर्षी बघू!